तुकडा तपासल्याने कॅन्सर पसरतो का?

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचे तरुण शेतकरी लिहितात: "बाबा ५४ वर्षांचे आहेत, पंचवीसेक वर्षांपासून खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण) खातात. दोन महिने झाले, उजव्या गालात आतून छाला आहे, भरतच नाही. आता जबड्याखाली एक टणक गाठ हाताला लागते. तालुक्याच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितला. काका म्हणतात, 'हात लावू देऊ नका, सुई लागली की भडकते ते. आपल्या गावातला एक जण तपासून आला अन् तीन महिन्यांत गेला.' काय करावं? आता खर्रा सोडून काही फायदा आहे का? मीही खातो. आईचीही काही तपासणी करावी का?"

भाऊ, आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. तुकडा काढून घ्या (डॉक्टर याला बायोप्सी म्हणतात), आणि याच आठवड्यात. तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही, थांबत बसल्याने पसरतो. दोन महिने तसेही गेले आहेत.

काकांना दोष देऊ नका. विदर्भातल्या खेड्यांतून येणाऱ्या तोंडाच्या आणि स्तनाच्या गाठींचंच काम मी इतकी वर्षं करतो आहे, आणि त्यांचं हे वाक्य मी किती घरांतून ऐकलं असेल याचा हिशेब नाही. त्यांनी पाहिलं ते खरंच आहे: माणूस तपासून आला आणि तीन महिन्यांत गेला. पण काकांनी पाहिले ते शेवटचे तीन महिने. त्याआधीचं वर्ष कोणी पाहिलं नाही. आपल्याकडे छाला दिसला म्हणून कोणी लगेच डॉक्टरकडे जात नाही. आधी मेडिकलमधून मलम येतं, मग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. मग वेचणी होऊ दे, मग तूर निघू दे, मग घरातलं लग्न आटोपू दे. तोंड उघडेनासं झालं, कानात कळ जायला लागली, घास गिळवेना, की मग गाडी निघते. तोवर आजार मानेत उतरलेला असतो. त्या अवस्थेत तुकडा काढला काय आणि न काढला काय, हातात दिवस थोडेच असतात. त्यातही रिपोर्ट आल्यावर बरीच घरं उपचाराला न जाता जडीबुटीवाल्याकडे जातात, महिना-दोन महिने तिथे घालवतात, आणि दोष शेवटी सुईच्या माथी येतो.

कॅन्सर पसरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे जरा सविस्तर सांगतो. ते कळलं की सुईची भीती बरीच कमी होते. गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. कॅन्सर झालेल्या पेशींची ही पकड सुटते. त्या खालचा पडदा विरघळवत आत शिरतात. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, म्हणून ती शेजारच्या रक्तवाहिन्यांतून नव्या वाहिन्या स्वतःकडे ओढून घेते. अमेरिकेतल्या ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली ही कल्पना मांडली आणि पुढे त्यावर औषधंही निघाली. एकदा ही वाहतूक सुरू झाली की पेशी गाठीतून रोज बाहेर पडत राहतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत एक ग्रॅम वजनाच्या गाठीतून दिवसाला लाखो पेशी रक्तात जाताना मोजल्या गेल्या आहेत. तेही कोणी सुई न टोचता.

यातल्या जवळजवळ सगळ्या पेशी मरतात. आयझाया फिडलर यांनी १९७० साली उंदरांच्या रक्तात खुणा केलेल्या कॅन्सरपेशी सोडल्या. एका दिवसानंतर हजारातली एकही धड जिवंत सापडेना, आणि त्यातून नवी गाठ धरणाऱ्या पेशी तर दहा हजारांत एखादीही नव्हती. रक्ताचा रेटा आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांतून वाचलेल्या पेशीलाही दुसऱ्या जागी रुजावं लागतं. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि विचारलं: रक्त तर सगळीकडे जातं, मग गाठी ठराविक अवयवांतच का उठतात? त्यांनी दिलेलं उत्तर शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. बी वाऱ्याने सगळीकडे उडतं, पण उगवतं ते त्याला मानवणाऱ्या जमिनीतच. काळ्या कसदार रानात येतं ते मुरमाड बरड्यावर येत नाही. स्तनाचा कॅन्सर हाडं, यकृत, फुप्फुस, मेंदू या जागा धरतो. तोंडाचा कॅन्सर मात्र फार दूर न जाता आधी मानेतल्या लसिकाग्रंथींत, म्हणजे जंतू अडवणाऱ्या छोट्या गाठींत, उतरतो आणि बराच काळ तिथेच असतो. म्हणजे बाबांसाठी लढाईची जागा गाल आणि मान ही आहे. ती वेळेत गाठली तर आजार हातात येतो.

आता सुई. गाठीला सुई लावल्याने पेशी पसरून माणसाचं आयुष्य घटतं का, हा प्रश्न फक्त काकांनाच पडलेला नाही, संशोधकांनाही पडला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१५ साली स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या २,०००हून अधिक रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या. हा तर सगळ्यात आडमुठा कॅन्सर. ऑपरेशनआधी ज्यांची सुईने तपासणी झाली होती ते न झालेल्यांपेक्षा कमी जगले नाहीत, उलट थोडे जास्तच जगले. सुईने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. सुईने ते घटत नाही, एवढाच अर्थ घ्या.

दुसरा अभ्यास आपल्या मुंबईचा आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, की ऑपरेशनच्या वेळी गाठ हाताळताना काही पेशी निसटत असतील तर त्याच क्षणी त्यांना रोखता येईल का? देशातल्या ११ केंद्रांत स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १,६०० बायका अभ्यासात घेतल्या. निम्म्यांना चीर देण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या चहूबाजूंनी लिग्नोकेन टोचलं. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तेच स्वस्त औषध. पाच वर्षांनी हे इंजेक्शन मिळालेल्या गटातल्या ९०.१ टक्के बायका जिवंत होत्या, न मिळालेल्या गटातल्या ८६.४ टक्के. अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. पेशी हलायला ज्या विद्युत-मार्गांचा वापर करतात ते मार्ग हे औषध बंद करतं, असा त्यामागचा तर्क आहे. एकाच देशातला हा अभ्यास आहे, दुसरीकडेही तेच दिसायला हवं असं अनेक जण म्हणतात आणि ते बरोबर आहे. पण काकांना मुद्दाम सांगा: शेकडो बायकांच्या कॅन्सरच्या गाठीभोवती चारी बाजूंनी सुया टोचल्या, आणि त्या बायका मागे पडल्या नाहीत.

सुईचा धोका कुठेच नसतो, असं मात्र मी म्हणणार नाही. यकृताच्या कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेवर गाठ उठण्याचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे, म्हणून तिथे बऱ्याचदा स्कॅनवरच निदान करतात. अंडकोषाच्या गाठीत वरून सुई घालत नाहीत. लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरचा तुकडा काढत नाहीत. हातापायाच्या मांसल भागातल्या मोठ्या गाठीचा तुकडा पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच जागा ठरवून काढायचा असतो. म्हणजे जिथे भीतीला आधार आहे तिथे डॉक्टर स्वतःच हात आखडता घेतात. तोंडाचा छाला या यादीत नाही.

तुकडा काढणं म्हणजे काय, तेही बाबांना आधी सांगून ठेवा, निम्मी भीती तिथेच जाते. छाल्याच्या शेजारी बधिर करायचं इंजेक्शन देतात. चार-पाच मिलिमीटरचा तुकडा छाल्याच्या कडेवरून घेतात, मधून घेत नाहीत, कारण मध्ये बहुतेक मेलेल्या पेशी असतात आणि त्यावर रिपोर्ट धड येत नाही. कापूस दाबून धरायला सांगतात. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम. तुकडा लगेच फॉर्मलिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत गेला पाहिजे. साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये ठेवला तर तो सडतो. बाटलीवर बाबांचं नाव आणि कुठल्या बाजूचा गाल हे लिहिलं आहे ना, ते स्वतः बघा. जबड्याखालच्या गाठीची सुईने तपासणी सांगतील. ती सुई रक्त काढायच्या सुईएवढी किंवा तिच्याहूनही बारीक असते. ती गाठ कॅन्सरचीच असेल असं धरून चालू नका. छाल्यातल्या जंतुसंसर्गानेही ग्रंथी सुजते. म्हणून तर तपासायचं.

आजार खरोखर बिघडवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या आपल्याकडे सर्रास होतात. गाठीला मालिश करणं. गरम शेक देणं, डाग देणं. कातडी जाळणारे लेप लावणं. गालात छाला असताना शेजारचा दात हलतो म्हणून तो उपटून घेणं. दाताच्या त्या खड्ड्यातून आजाराला जबड्याच्या हाडात शिरायला वाट मिळते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाठ कसली आहे ते न तपासता कुठेतरी छोट्या दवाखान्यात ती अर्धवट कापून घेणं, अन् काढलेला गोळा फेकून देणं. मग आम्हाला कळत नाही गाठ कसली होती, कुठवर गेली होती, कड साफ आली होती की नाही. तुमच्या घरातल्या कोणाचीही, कुठलीही गाठ काढली, तर ती तपासायला पाठवली का ते विचाराच. रिपोर्ट जपून ठेवा.

कॅन्सर निघालाच, तर तोंडाच्या कॅन्सरवर मुख्य उपचार ऑपरेशनचा. त्यानंतर गरज पडेल तसा दवाखान्यातला शेक, म्हणजे किरणांचा उपचार (रेडिएशन), काहींना त्यासोबत किमो, म्हणजे कॅन्सरची औषधं. सर्जनला एक प्रश्न नक्की विचारा: मानेचं काय करणार? टाटा मेमोरियलच्याच डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटाने २०१५ साली याचं उत्तर दिलं. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या अवस्थेत आहे, मानेत हाताला काही लागत नाही, अशा रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनसोबतच मानेतल्या ग्रंथी काढल्या. दुसऱ्यात गाठ आली तर बघू म्हणून थांबले. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यात ६७.५ टक्के. पहिल्या गटातल्या जवळपास ३० टक्के लोकांच्या मानेत, हाताला न लागणारा आजार आधीच उतरलेला होता. थांबण्याची किंमत काय असते, हे यापेक्षा स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आणि तिथे तर थांबलेले लोकही डॉक्टरांच्या नजरेखाली होते. बाबांच्या मानेत गाठ हाताला लागते आहे, म्हणून तुम्हाला एक एक आठवडा मोलाचा.

आता खर्रा. आपल्या भागात तो पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळतो, लग्नात पाहुण्याला दिला जातो, मजुराच्या दिवसाचा तो हिशेबच असतो. बरेच जण मला सांगतात, "तंबाखू कमी टाकतो डॉक्टर, सुपारीच जास्त." ही समजूत मोडायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलं, की तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सर करते. तंबाखू करतेच. त्यात चुना घातला की निकोटिन लवकर अंगात शिरतं आणि गालाचं अस्तर रोज भाजून निघतं. सुपारीने गालाखाली कडक पट्टे तयार होतात, तोंड हळूहळू मिटत जातं. खुर्चीत बसलेला पंचविशीतला पोरगा तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला जातो आणि दोनावर अडतो. त्याला विचारलं तर म्हणतो, "तिखट खाल्लं की झोंबते, म्हणून ठेचा सोडला." ठेचा सोडला, खर्रा चालू. हे दृश्य माझ्या ओपीडीत नेहमीचं झालं आहे, आणि त्याचं मला मनापासून दुःख होतं.

सोडून फायदा आहे का? बाबांना आहे, आजार निघाला तरी आहे. ऑपरेशनची जखम भरायला हवी, शेक सोसायला तोंड शाबूत हवं. शिवाय जो खार पंचवीस वर्षं लागला तो एका जागेला लागलेला नाही, सगळ्या तोंडाला लागला आहे. एक कॅन्सर बरा झाला तरी दुसरा शेजारी उठू शकतो. तुम्हाला तर फारच फायदा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी केरळ, गुजरात आणि आंध्रमधल्या खेड्यांतल्या ३६,००० तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना घरी जाऊन सोडायला समजावलं. १९८६ साली निष्कर्ष आले: कॅन्सरच्या आधी येणारे पांढरे चट्टे समजावलेल्या लोकांत कमी झाले. कुठलं औषध नाही, यंत्र नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं 'मुक्तिपथ' हे काम गावोगाव याच वाटेने चाललं आहे.

सोडताना पहिले तीन-चार दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. आणि एक तक्रार हमखास येते: "खर्ऱ्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही." ते खरं आहे, निकोटिन आतड्यांना हलवतं. पण दोन-तीन आठवड्यांत आतडी आपल्या सवयीवर येतात. तोवर सकाळी कोमट पाणी आणि जेवणात भाजी वाढवा, लागलं तर इसबगोल घ्या. खिशात पुडी ठेवू नका. उद्यापासून कमी करतो, या मार्गाने सुटलेले मला फार कमी भेटले. दिवस ठरवून पूर्ण थांबलेले जास्त भेटले. तल्लफ आवरत नसेल तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम घ्या. तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे. तिथे माणूस बोलतो, मदत करतो.

तुमचं तोंड तुम्हीच बघा, महिन्यातून एकदा, आरशासमोर, मोबाईलची बॅटरी लावून. गाल बाहेर ओढून, जीभ उचलून, जिभेच्या दोन्ही कडा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली डाग, दोन आठवड्यांत न भरलेला छाला, यातलं काही दिसलं की दाखवा. बोट लावून पाहा: साधा छाला मऊ असतो आणि झणझणतो, कॅन्सरची कड टणक लागते आणि सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच लोक फसतात. केरळात तिरुवनंतपुरमजवळ आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी लोकांची तोंडं तपासली. २००५ साली कळलं, की तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले.

आईची तपासणी जरूर करा. तिशीनंतर प्रत्येक बाईचं तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख तपासायची सोय सरकारी कार्यक्रमात आहे, आशाताईंना विचारा. मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांच्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून तपासलं, आणि त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा कॅन्सर त्याच विषाणूमुळे होतो, म्हणून घरात ९ ते १४ वयाची मुलगी असेल तर एचपीव्हीची लस द्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ पासून बाजारात आहे. आईंना नस (तपकीर) किंवा गुडाखू, म्हणजे दातांना लावायची तंबाखू, घासायची सवय असेल तर तोंडाबद्दल वर लिहिलेलं सगळं त्यांनाही लागू आहे. बायका ही सवय सांगत नाहीत, तुम्ही विचारा.

आता निघायचं कुठे? तुकडा तालुक्याला किंवा यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात निघेल. पुढच्या उपचाराला नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, सेवाग्राम आणि सावंगी मेघेची मोठी रुग्णालयं आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, शेक, किमो बसतं. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या आणि खर्च करण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, भेटा, नंतर नाही. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे, त्यासाठी दवाखान्याचा दाखला मागून घ्या. काकांनाही सोबत घेऊन जा. रिपोर्टबद्दल डॉक्टर बोलतील तेव्हा ते खोलीत असू द्या, कारण घरी शेवटचा शब्द बहुतेक त्यांचाच चालत असेल.

आणि रिपोर्टात कॅन्सर आला नाही, पण छाला आणखी दोन आठवड्यांनी तसाच राहिला, तर तेवढ्यावर घरी बसू नका. कधी तुकडा वरवरचा निघतो, कधी चुकीच्या जागेचा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "जखम भरली नाही, पुन्हा तुकडा घ्या." तो दुसऱ्यांदा काढल्यानेही काही पसरत नाही.